खिडकीकडं बघत शिकवलेला डावा हात

कप आधी खाली ठेवा. हो, तुम्हालाच सांगतोय. मी जे सांगणार आहे त्यात एका ठिकाणी तुम्हाला ठसका लागणार, आणि मग गावभर म्हणाल, चौगुले सरांनी चहा पाजून मारलं.

फजिती सगळ्यांचीच होते हो. पण ती घरात होते, फार तर गल्लीत होते. माझी कुठं झाली? भर हॉलमध्ये! तालुक्याचे शिक्षणाधिकारी, म्हणजे आमचे बीईओ साहेब, हेडमास्तर, दहावीच्या दोन्ही तुकड्या, त्यांचे आईबाप आणि पहिल्या रांगेत आमची मंडळी. इतक्या लोकांना बोलावून कुणी स्वतःची शोभा करून घेतली असेल तर मला दाखवा.

आमची शाळा निपाणीहून बोरगावकडं जाताना लागते. मराठी माध्यम, दहावीपर्यंत. तिथं विज्ञान म्हणजे चौगुले सर, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. काही पोरांचे आईबापसुद्धा माझ्याच हाताखालनं गेलेले. आठवडी बाजारात निघालो की भाजीवाली उठून म्हणणार, "सर, कोथिंबीर न्या." माणसाला आणखी काय पाहिजे?

आणि मग आल्या अश्विनी मॅडम.

बेळगावातल्या वडगावच्या. घरात पॉवरलूम, साड्या विणणारं घराणं. वय माझ्या निम्मं. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, दहावी 'अ' चौगुले सरांकडं, 'ब' मॅडमकडं. आता माझी मुलगी श्रेया यंदा दहावीला. बापाच्या वर्गात मुलगी नको, उगाच लोक बोलतात, म्हणून मीच मोठ्या मनानं म्हटलं, "तिला 'ब'मध्ये घाला." बघा हं, मीच म्हटलं!

पहिल्याच आठवड्यात पोरगी जेवताना हसायला लागली.

"पप्पा, मॅडमच्या घरात एकदा मोटरीच्या वायरी अदलाबदल लागल्या, आणि आख्खा माग उलटा फिरायला लागला म्हणे! घरातली सगळी पळत आली. मग मॅडमनी इचारलं, वायर बदलली की मोटर उलटी का फिरत्या? आमी सगळी इचार करत बसलोय."

"बरं."

"तुमी कसं शिकवता मोटर?"

"मी व्याख्येपासून सुरू करतो," मी म्हटलं.

"हां," श्रेया म्हणाली.

तो 'हां' कसा होता म्हणून सांगू! भाकरीत खडा लागावा तसा. मी पाणी प्यालो. तरी तो तिथंच.

जळलो मी. उगाच गोड शब्द कशाला लावू? दुसऱ्याची मुलगी मॅडम-मॅडम करत असती तर मी समजून घेतलं असतं. ही माझी! हिला चुंबक पहिल्यांदा कुणी हातात दिला? मी! आणि ही आता दुसऱ्याच्या मोटरीवर हसते?

त्यात आमची शाळा बांधली आहे काटकोनात. 'अ'च्या वर्गात फळ्यापाशी उभं राहिलं की पोरांच्या डोक्यावरनं मागची खिडकी दिसते, आणि त्या खिडकीतनं 'ब'चा वर्ग. सरळ, सिनेमासारखा. मी इकडं व्याख्या सांगतोय आणि तिकडनं हशा. मी फळ्यावर आकृती काढतोय आणि तिकडनं टाळ्या! एके दिवशी बघतो तर मॅडमनी एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेचं एक वेटोळं एवढ्यावर मोटर केली होती. वेटोळं गरगर फिरतंय आणि आख्खा वर्ग बाकावर उभा राहून बघतोय. माझी श्रेया पण. तोंड उघडं टाकून.

माझ्या वर्गातली पोरंही मागं माना वळवायला लागली. मी जाऊन खिडकी लावून घेतली. पण मग मलाच काही दिसेना. पुन्हा जाऊन उघडली.

घरी आल्यावर मी श्रेयाला खोदून खोदून विचारायला लागलो.

"आज मॅडम काय बोलल्या?"

"नेहमीसारखंच."

"म्हणजे कसं? हसून बोलतात का गंभीर असतात?"

"हसून."

"कितपत हसतात?"

आमची सौ भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज एकदम थांबला. मला वाटलं, पीठ संपलं असणार.

एकदा श्रेया म्हणाली, "मॅडम कशा, एकदम फ्रेश वाटत्यात." झालं! दुसऱ्या दिवशी मी केस काळे केले. कपाटातला इस्त्रीचा निळा शर्ट काढला. सौ दारात उभी.

"आज काय कार्यक्रम हाय का?"

"नाही, दहावीचा तास आहे."

"तो रोजच असतोय की."

"आजपासून जरा नीट घ्यायचाय," मी म्हटलं आणि भांग पाडत बसलो. ती माझ्याकडं लई वेळ बघत होती. मी म्हटलं, कौतुकानं बघत असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माणसाला बायकोचं बघणं कळत नाही, ते असं!

अशात डाव्या हाताचा नियम शिकवायचा दिवस आला. तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो. चुंबकाजवळ तार धरा, तारेतनं करंट सोडा, ती तार धक्का बसल्यासारखी बाजूला सरकते. पंखा, पिठाची गिरणी, शेतातला पंप, सगळं त्या एका धक्क्यावर फिरतं. आता धक्का कुठल्या बाजूला बसणार, हे डावा हात सांगतो. डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांशी काटकोनात धरायची. तर्जनी चुंबकाच्या क्षेत्राची, मधलं बोट करंटचं, मग अंगठा दाखवेल ती तारेची दिशा. हात मात्र डावाच पाहिजे. उजवा धरला की उत्तर बरोब्बर उलटं!

मी पोरांसमोर उभा राहिलो, डावा हात वर केला. "करा असं! तर्जनी! मधलं! अंगठा! म्हणा!" आख्खा वर्ग गर्जायला लागला. मी रोज तास सुरू होताना, संपताना घोकून घेतलं. आवाज 'ब'पर्यंत गेला पाहिजे, हा माझा हिशेब. आणि गेला का नाही ते बघायला माझे डोळे? खिडकीत! तोंडानं 'अंगठा, अंगठा' आणि नजर पलीकडं, मॅडमनी मान वर केली का, श्रेयानं ऐकलं का.

मग एक दिवस हेडमास्तरांनी बोलावलं. बीईओ साहेब येणार, पालकांनाही बोलावलंय, दहावीचा एक प्रयोग दाखवायचा. मॅडम प्रयोग मांडतील, आणि तार कुठं सरकणार ते दोन्ही वर्गांनी आधीच सांगायचं.

"तुमची पोरं तयार आहेत ना, सर?"

मी नुसता हसलो.

घरी सांगितलं, तर सौ म्हणाली, "मी बी येणार."

शाळेच्या कार्यक्रमाला ही कधी आली नव्हती हो! आली ती नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत बसली आणि बसल्या बसल्या श्रेयाला विचारलं, "ह्यातल्या तुमच्या मॅडम कुठल्या?" मी मनात म्हटलं, बघ बघ, तुझ्या नवऱ्यापुढं ही पोर किती टिकते ते बघच.

मॅडमनी टेबलावर नालासारखा मोठा चुंबक उभा केला, त्याच्या दोन टोकांच्या मधोमध तांब्याच्या तारेचा छोटा झोपाळा टांगला. मी साहेबांच्या शेजारी उभा, पाठ पोरांकडं, छाती पालकांकडं. साहेब हुबळीकडचे. मराठी मोडकं, पण सगळं समजायचं.

"सांगा," मॅडम म्हणाल्या, "करंट सोडला की झोपाळा दाराकडं जाणार का फळ्याकडं?"

"दाराकडं!" 'ब' वर्ग ओरडला.

"फळ्याकडं!" माझा 'अ' त्याच्या दुप्पट जोरात ओरडला. एकसुरात, एकही आवाज फुटलेला नाही. काय ऊर भरून आला माझा!

मॅडमनी बटण दाबलं. झोपाळा टुणकन दाराकडं गेला.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही स्वतः तीन बोटं धरून बघायची होती की. अहो, इतक्या वर्षांचा मास्तर मी, सगळ्यांसमोर बोटं वाकडी करत उभा राहू? आणि माझी सगळीच्या सगळी पोरं चुकतील? शक्य आहे का?

"बॅटरी उलटी जोडली आहे," मी म्हटलं.

"सर, एक मिनिट," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा मागं वळून..."

"मागं बिगं नाही. मॅडम, घाई झाली की होतं असं. नवीन आहात." आणि मीच पुढं होऊन वायरी बदलल्या. मोठ्या दिलानं हसलो पण. "आता विचारा."

"फळ्याकडं!" 'ब' ओरडला.

"दाराकडं!" माझा 'अ' ओरडला.

अरे! मी बॅटरी उलटी केली, तशी माझी गुणी लेकरंही उलटली! शिकवल्याप्रमाणं करंटची दिशा बदलली, की त्यांनी उत्तर बदललं. बटण दाबलं. झोपाळा फळ्याकडं.

पालक कुजबुजायला लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चुंबकाला रंग उलटा लावलाय," मी म्हटलं. "उत्तर टोकाला दक्षिणेचा रंग आहे. कंपास आणा."

"सर, खरंच, एकदा मागं बघता का?" मॅडम.

"आधी कंपास!"

कंपास आला. आधी तो बरोबर आहे का ते बघायला टेबलापासून लांब नेला. सुई थरथरली आणि थांबली.

"कोल्हापूर ह्याच बाजूला ना?" मी विचारलं.

"व्हय सर," पालक म्हणाले.

"हं, म्हणजे उत्तर बरोबर दाखवतोय."

साहेब गालात हसले. "सीमाभागची सुई आहे सर. ती कोल्हापूरकडंच बघणार."

सगळा हॉल हसला. मी पण हसलो, आतनं मात्र जळून कोळसा. कंपास चुंबकाजवळ नेला. रंग अगदी बरोबर! तरी मी तोंड उघडलंच. बहुतेक मी तारेचं तांबं भेसळीचं आहे म्हणणार होतो. पण साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला सरळ गर्रकन मागं फिरवलं.

"बघाऱी सर. तुमचा वर्ग."

बघितलं. माझी पोरं अजून बोटं धरून बसली होती. तर्जनी नीट, मधलं बोट नीट, अंगठा ताठ. झाडून सगळ्यांचा उजवा हात!

पलीकडं 'ब' वर्गात श्रेयानं तोंडावर ओढणी घेतली होती.

"उजवा?" मी पोरांकडं दोन पावलं गेलो. "अरे, उजवा कुणी सांगितला तुम्हाला?"

पहिल्या बाकावरची राजश्री उभी राहिली. वर्गातली सगळ्यात सरळ पोरगी. खोटं बोलायचं तिला सुचतच नाही, हीच तर अडचण.

"तुमीच की सर. तुमी आमच्या समोर हुबं राहून हात वर केलासा. तुमचा हात ह्या अंगाला हुता, म्हणून आमी बी ह्याच अंगाचा केला. आरशात दिसतोय तसा."

"आणि मी बघितलं नाही? रोज घेतलं की मी!"

"तुमचं ध्यान न्हवतं सर. तुमी खिडकीतनं भायेर बघत हुता."

"खिडकीतनं काय बघणार मी?"

हा प्रश्न विचारायची काही गरज होती का? तुम्हीच सांगा. पण विचारला. आणि ज्या वर्गाला मी एकसुरात उत्तर द्यायला शिकवलं होतं, त्या वर्गानं एकसुरात उत्तर दिलं,

"मॅडमना!"

घ्या आता ठसका.

हेडमास्तर वर पंख्याकडं बघायला लागले. मॅडम लालेलाल. आणि पहिल्या रांगेतनं आमची सौ उठली. सावकाश. पदर खोचत.

"अस्सं! म्हणून केस काळं केलं व्हय?"

"अगं, काय बोलतेस!"

"निळा शर्ट. भांग. आणि जेवताना रोज, मॅडम काय बोलल्या, कशा हसल्या, कितपत हसल्या! मी काय बहिरी हाय? मी आज आलेच त्यासाठी. म्हटलं, बघू तरी कोण हाय ती."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला हो! पीठ संपलं नव्हतं. कौतुक बिवतुक काही नव्हतं. बाई कधीपासून आतल्या आत जळत होती, आणि मी माझ्या जळण्यात इतका गुंग, की शेजारी धूर निघतोय ते कळलं नाही.

"तसं नाही गं!"

"मग कसं? सांगा की. सगळ्यांसमोर सांगा."

आता माझी दशा बघा. खरं सांगावं तर मास्तरकी जाते. नाही सांगावं तर संसार जातो, शिवाय त्या बिचाऱ्या मॅडमचं नाव खराब होतं. तिचा काय दोष? मी श्रेयाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग माझं मला कळायच्या आत ओरडलो,

"अगं, जळत होतो मी त्यांच्यावर! जळत होतो! त्यांच्या वर्गात पोरं बाकावर चढून बघतात, माझ्या वर्गात जांभया देतात. माझी स्वतःची पोरगी घरी येऊन त्यांचंच नाव घेते. मोटर म्हटलं की तिला आता मी आठवत नाही. म्हणून बघत होतो! कसं शिकवतात ते बघत होतो. त्यांच्यासारखं फ्रेश दिसावं म्हणून केस काळे केले. झालं? आणखी काय ऐकायचंय?"

सौ माझ्याकडं बघत राहिली.

"खरं?"

"श्रेयाची शपथ."

"एवढंच?"

"एवढंच!"

"मग असू दे," ती म्हणाली, पदर सोडला आणि खाली बसली. "चालू द्या तुमचं."

माझी इतक्या वर्षांची अब्रू टेबलावर सांडलेली, आणि ही म्हणते चालू द्या!

तेवढ्यात श्रेया उठली. कुणी न सांगता 'अ'च्या बाकांकडं आली आणि राजश्रीचा उजवा हात खाली करून डावा वर धरला. मग शेजारणीचा. मग तिच्या शेजारणीचा. जाताना माझ्याजवळनं गेली आणि माझ्या शर्टाची बाही जरा ओढली. मला बरं वाटलं.

मग मॅडम पुढं आल्या.

"सर, मी एक सांगू? तुम्ही रोज आमच्या वर्गाकडं बघायचा ते मला दिसायचं. मला वाटलं, हेडमास्तरांनी तुम्हाला माझं शिकवणं तपासायला सांगितलंय. एवढे सीनियर सर बघताहेत म्हटल्यावर मला रात्री जेवण जाईना. मी आदल्या दिवशी घरी भावंडांना बसवून आधी त्यांना शिकवायची, ती हसली तरच ते वर्गात करायची. नाहीतर त्या मागाच्या गोष्टीनंतर मी पण व्याख्येपासूनच सुरू करणार होते, सर."

साहेब पोट धरून हसायला लागले. "छलो आतु! बेस झालं! हेडमास्तर, प्रत्येक शाळेत असा एक सर खिडकीपाशी उभा करा."

मग मॅडमनी 'अ' वर्गाला पुन्हा नियम दाखवला. आणि कसा? पोरांकडं पाठ करून! पाठ फिरवली, डावा हात वर केला, म्हणजे पोरांनाही डावा हात डाव्याच बाजूला दिसला. एवढं साधं! मी इतकी वर्षं पोरांसमोर तोंड करून उभा राहिलो, आणि ते तोंडच नडलं बघा.

संध्याकाळी स्कूटरवरनं निपाणीला परत येत होतो. दोन्हीकडं ऊस, वारा छान, आणि मी हळूहळू पुन्हा फुगायला लागलो. म्हटलं, वाईट काय झालं? उलट चांगलंच झालं की.

"ऐकलंस ना?" मागं बघून म्हणालो. "माझ्या धाकानं शिकवायला लागल्या त्या. तयारी त्यांची, पण धाक कुणाचा? म्हणजे एका अर्थानं 'ब' वर्ग पण मीच घडवला."

सौनं वाऱ्यावर उडणारा पदर आवरला. मग मागनं अगदी साध्या, मनापासनं आलेल्या आवाजात म्हणाली,

"अहो, एक इचारू? रागवू नका हं."

"विचार की."

"तुमी त्यांच्यावर जळता, ते समजलं. पण त्यांनी तुमच्यावर जळावं, असं काय हाय का हो तुमच्याकडं?"

मी स्कूटर जरा जोरात घेतली.